शनिवारचं तेल

इस्राएल आळी, पनवेल
३० जुलै १९६२

राफेल,

वर ‘चिरंजीव’ लिहिलेलं नाही ते विसरून नव्हे.

तुझं पत्र शनिवारी आलं. शब्बाथला टपाल फोडायचं नाही म्हणून आईनं ते रात्रभर उशाखाली ठेवलं आणि रविवारी सकाळी चहाच्या आधी माझ्या हातात दिलं. तिला वाचवत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. शेवटचं चार ओळींचं शहाणपण गाळून. त्यात तू लिहितोस, ‘एलिशेबा, तुला सोबत हवी म्हणून तू आईला अडकवून ठेवली आहेस. डोळ्यांचं नुसतं निमित्त.’ हे मी तिला वाचून दाखवलं असतं, तर तिनं माझी बाजू घेतली असती की तुझी, ते मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची हौसही नाही.

आता निमित्ताची हकिगत ऐक. तीन वर्षं झाली, आईच्या पापण्यांच्या कडा लाल असतात. सकाळी उठली की डोळे चिकटलेले. केसांच्या बुडाशी कोंडा धरतो, खाज सुटते, ती चोळते आणि चोळल्यावर केस गळतात. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला आता जेमतेम निम्मे केस उरलेत. फेब्रुवारीत तिला इस्राएलला जाण्यासाठीच्या तपासणीला मुंबईला नेली, तेव्हा ‘डोळे बरे करून आणा’ म्हणून परत पाठवलं. सोळा जुलैला पुन्हा नेली. तिथल्या डॉक्टरांनी पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि कागदावर लिहिलं, ‘खुपऱ्यांचा संशय’. खुपऱ्या म्हणजे संसर्गाचा रोग. तो असलेल्या माणसाला तुझ्या देशात कोण घेईल? येताना एस.टी.त ती ठाण्यापर्यंत तो कागद उलटसुलट करत बसली. मग म्हणाली, “त्या पोरीला दात आले असतील नाही आता?” ती तुझी मुलगी. जिचा फोटो आई डोळ्यांपासून चार बोटांवर धरून बघते.

उपाय काय केले तेही लिहिते, म्हणजे पुढच्या पत्रात तुला विचारायला नको. पेनिसिलिनचं मलम झालं. बोरिकच्या पाण्याचे शेक झाले. इथल्या जुन्या डॉक्टरांनी दोन महिने पापण्या उलटून मोरचुदाचा खडा फिरवला. आई खुर्चीचे हात घट्ट धरून बसायची आणि मी बाहेर बाकावर. मासळीवाली रंभा म्हणाली तुरटी, ती झाली. कुणी म्हणालं गुलाबपाणी, तेही झालं. लाली आहे तिथेच आहे.

तिचे प्रवासाचे कागद वर्षअखेरपर्यंत चालतील. तिसरी आणि शेवटची तपासणी दहा डिसेंबरला. त्यात नापास झाली तर सगळं पहिल्यापासून. आई आता अडुसष्ट वर्षांची आहे, हे तुला आठवत असेल असं धरून चालते.

आणि एक. आठ वर्षांत तू तिला चार पत्रं लिहिलीस. त्यातल्या दोन पत्रांत ‘मी देश सोडून निघालो तरी आई स्टँडवर आली नाही’ हेच रडगाणं. कुणी कुणाला अडकवून ठेवलंय ते एकदा नीट बघ.

एलिशेबा

१५ ऑगस्ट १९६२

राफेल,

शाळेत झेंडावंदन झालं, पेढा खाल्ला आणि घरी येऊन लिहायला बसले, कारण बातमी आहे. आईला खुपऱ्या नाहीत.

बाजारपेठेत डॉ. टिपणीस म्हणून नवे आलेत. मलेरिया खात्यातली नोकरी सोडून त्यांनी दवाखाना घातलाय. टेबलावर काळा मायक्रोस्कोप, त्यावर बायकोनं शिवलेली फुलाफुलांची टोपी. परवा सोमवारी आईला नेली. त्यांनी भिंग लावून पापण्यांकडे इतका वेळ पाहिलं की आई म्हणाली, “काही हरवलंय का?” मग म्हणाले, “आजी, चार केस काढतो. मुंगी चावल्यासारखं होईल.” काचेच्या पट्टीवर तेलाचा थेंब टाकला, चार केस त्यात ठेवले, पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि शीळ घातली. डॉक्टरनं शीळ घालावी का, मला तर राग आला.

मला म्हणाले, “बाई, या. बघा.”

मी पाहिलं. राफेल, केसाच्या बुडाला पाती गुंडाळल्यासारखं कोंड्याचं कवच होतं आणि त्यातून किडे बाहेर येत होते. लांबट, फिकट, पुढच्या अंगाला आठ आखूड पाय, मागं नुसतं शेपूट. हळूहळू हलत होते. एका केसाशी तर पाच मोजले. मी वर्गात मुलींना मुंगीचे पाय मोजायला लावते, पण माझ्या आईच्या पापणीत मोजावे लागतील असं वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हे गोचिडीच्या कुळातले, पण साध्या डोळ्यांना न दिसणारे. थोडेफार प्रत्येकाच्या अंगावर असतात, वय वाढलं की वाढतात. केसांच्या मुळाशी तेलकट ओल असते तीवर जगतात. फार झाले की पापणी सुजते. मोरचुदानं ती आणखी चिडली. त्यांनी असाच एक रोगी शिकत असताना मुंबईला आपल्या गुरूंकडे पाहिला होता, म्हणून ओळखलं. नाहीतर खुपऱ्या म्हणूनच औषध देत बसले असते, असं स्वतःच म्हणाले. हे म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला, म्हणून शीळ माफ केली.

आईला सांगायचं कसं? त्यांनीच सांगितलं, अगदी गोड शब्दांत. तरी ती ताडकन उठली. “माझ्या डोळ्यांत जनावरं? मी काय गोठ्यात राहते?” डॉक्टर म्हणाले, “आजी, माझ्याही डोळ्यांत असतील.” आई म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा!” तिचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी माझाही एक केस उपटला. त्यात एक निघाला. “बाईंकडे एकच पाहुणा आहे,” म्हणाले. तेव्हा कुठे ती बसली. घरी येताना मला शपथ घातली की आळीत कुणाला सांगायचं नाही. मी तुला सांगते आहे, तू आळीत नाहीस.

उपचार असा. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याचा शेक. मग काडीला कापूस गुंडाळून, लहान मुलांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून केसांची मुळं एकेक करून पुसायची. रात्री पाऱ्याचं पिवळं मलम, तांदळाच्या दाण्याएवढं. उशीचे अभ्रे रोज उकळायचे. डोक्याला तेल बंद, तोंडाला तेल बंद. तेल हे त्यांचं जेवण, ते तोडायचं, असं डॉक्टरांनी मला तीनदा बजावलं. अंडी असतात म्हणून दोन महिने खंड पडता कामा नये. दर सोमवारी दाखवायला जायचं. डिसेंबरला डोळे स्वच्छ दिसले तर तपासणीच्या डॉक्टरांना ते स्वतः पत्र देणार.

आईचं शास्त्र मात्र चालूच. शनिवारी कापूस पिळायचा नाही, पिळणं म्हणजे काम. तेव्हा शनिवारी दिवसभर सुट्टी. संध्याकाळचं तिनं आत्ताच ठरवलंय, “तारे दिसल्यावर तू शिकवणीला जा, माझं मी धुईन.” जाईन मग.

रात्रीचे अभ्रे उकळताना तुझी आठवण येते, चांगली नाही.

एलिशेबा

२५ सप्टेंबर १९६२

राफेल,

तू पाठवलेली थेंबांची बाटली मिळाली. डॉ. टिपणीसांनी वास घेतला आणि कपाटात ठेवली. सोबतचं वाक्यही मिळालं: ‘घरात स्वच्छता असेल तर किडे होतील कसे?’ तुला मी सविस्तर लिहिलं होतं की ते सगळ्यांना असतात. तुलाही असतील. एक केस उपटून बघ. नाही निघाले तर माझं नाव बदलेन.

सहा आठवडे झाले. मी हजेरीपटासारखी वही केली आहे. रोज सकाळी आईला खिडकीशी बसवते आणि लिहिते: उजवा, डावा, लाली, कोंडा, चिकटणं. शुक्रवारी सकाळी डोळे इतके छान असतात की मी मनातल्या मनात तिची ट्रंक भरायला घेते. आणि सोमवारी दवाखान्यात नेली की डॉक्टर भिंग लावतात आणि मान हलवतात. पुन्हा लाल, पुन्हा कोंडा. सहाच्या सहा सोमवार! मागच्या सोमवारी त्यांनी चार केस काढले आणि अकरा किडे निघाले. मला म्हणाले, “बाई, रविवारी तुम्ही कंटाळा करता का?” रोगी समोर बसलेला असताना. मी चाळीस मुलींना शुद्धलेखन शिकवते, मला कंटाळा कसा करायचा ते माहीत नाही.

घरी येऊन मी आईवर ओरडले. डोक्याला तेल लावतेस का? नाही. उशी बदललीस का? नाही. चोळलंस का? नाही, नाही, नाही. मग मी तिच्या फण्या उकळल्या. टॉवेल वेगळा केला. दार ओलांडताना ती चौकटीवर ठोकलेल्या मेझुझाच्या पवित्र डबीला बोटं लावून डोळ्यांना लावते, तर मी मेझुझासुद्धा साबणानं पुसून काढला. आई माझ्याकडे बघत राहिली. “देवालाही किडे झाले का ग?” म्हणाली. मला हसू आलं नाही. तुला आलं असेल.

सोळा तारखेच्या रविवारी रंभा मांदेली घेऊन आली होती. ती काहीतरी म्हणाली. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सणासुदीचे दिवस आलेत, येत्या शनिवारी नवं वर्ष. आईनं एलियाहू हानाबीला नवस बोललाय, पास झाली तर मलिदा करणार. पोहे, खोबरं, गूळ आणि पाच फळं. मला म्हणाली, फळांत सफरचंद हवंच, राफेलला आवडायचं. तू खाणार नाहीस ते सफरचंद, मीच खाणार आहे.

फार दमले आहे. पत्र अपुरं वाटलं तर वाटू दे.

एलिशेबा

३० ऑक्टोबर १९६२

राफेल,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट दडवली. ती आज लिहिते आणि तू काय म्हणशील त्याची मला पर्वा आहे, हेही लिहून टाकते.

रंभा असं म्हणाली होती: “बाय, आयतवारी तुजे आयशीचे डोल्यांना नारलाच्या तेलाचा वास येतंय. ती दवा हाय काय?” रंभाचं नाक मासळीत मुरलेलं, त्याला दुसरे वास लगेच कळतात. मी नाही म्हटलं आणि मांदेली घेतली. पण तिच्या बोलण्यानं माझ्या वहीतले सगळे सोमवार एका रांगेत उभे राहिले. त्यानंतरच्या शनिवारी, बावीस सप्टेंबरला, मी शिकवणीला निघाल्याचं दाखवलं आणि मागच्या पडवीत येऊन उभी राहिले.

आपल्याकडे शुक्रवारचा दिवा कसा असतो ते तू विसरला नसशील. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. शनिवारी तो आपोआप विझतो तेव्हा बोटभर तेल उरतं. ते मोरीत ओतायचं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. तारे दिसल्यावर आईनं पेला खाली घेतला. उजव्या हाताची करंगळी त्या तेलात बुडवली. उजव्या पापणीवर फिरवली, म्हणाली, “राफेल.” मग डाव्या पापणीवर. “राफेल.” केसांच्या मुळाशी, अगदी जिथं मी काडीनं पुसते तिथं. मग डोळे मिटून खूप वेळ बसली.

हे ती आठ वर्षं करते आहे, असं तिनंच मला परवा सांगितलं. तू कुठल्या वारी गेलास आठवतं? शुक्रवारी, दिवेलागणीच्या गाडीनं. मुद्दाम, आम्हांला चिडवायला, की तुला आता असलं काही पाळायचं नाही. आई दिवा लावून बसली होती आणि दिवा लावल्यावर ती गाडीत बसत नाही, स्टँडपर्यंत टांग्यातसुद्धा नाही. आणि तेव्हा तिचा गुडघा इतका सुजला होता की तिला चालवत नव्हतं. ती दारापर्यंत आली होती. तू मागं वळून पाहिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच दिव्याचं उरलेलं तेल डोळ्यांना लावलं, की या डोळ्यांना तो पुन्हा दिसू दे. तेव्हापासून एक शनिवार चुकला नाही. तुला बघायला मिळावं म्हणून लावलेल्या तेलानंच तुला बघणं अडलं होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी ‘तेल बंद’ म्हटलं तेव्हा तिच्या लेखी ते डोक्याचं आणि तोंडाचं. हे तेल तिच्या लेखी औषधच.

आता माझं. बावीस सप्टेंबरला मला कळलं. मी तिला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. पाच शनिवार मी गप्प राहिले. रविवारी सकाळी मी त्याच पापण्या काडीनं पुसल्या आणि वहीत लिहिलं, ‘लाली’. किप्पूरच्या दिवशी उपाशीपोटी आपल्या इस्राएल मशिदीत बसून वर्षभराच्या पापांची क्षमा मागितली, त्यातसुद्धा हे एक सोडून.

तू जुलैत लिहिलंस की मी आईला अडकवून ठेवली आहे, तेव्हा ते खोटं होतं. सप्टेंबरात ते खरं झालं. मला ती जायला नको होती. मी छत्तीस वर्षांची आहे. शाळेतून आले की दाराशी कुणी असतं, एवढंच माझं आहे. तू तेही मागितलंस, आणि मागतानाही शिव्या देऊन. पापणीवर करंगळी फिरवून नाव तुझं, आणि अभ्रे उकळणार मी. मला वाटलं, लावू दे. किती लावायचं ते लावू दे.

परवा शनिवारी शिकवणीची मुलगी आजारी म्हणून लवकर परत आले. आई खिडकीशी बसली होती. काडी घेऊन ती स्वतःच्या पापण्या घासत होती, इतक्या जोरानं की कडेला रक्त आलं होतं. मला पाहून म्हणाली, “एलिशेबा, माझं काय चुकतंय ग? मी इतकं करते.” तिच्या पुढ्यात तो पेला होता.

मी तिच्या हातातून काडी घेतली आणि सांगितलं. तेलाचं सांगितलं, आणि पाच शनिवारांचंही.

तिनं पेला बाजूला सरकवला. मग तिनं विचारलं, “तुला मी जायला नको होते?”

“नको होतीस.”

“मग तसं तोंडानं म्हणायचं होतंस. माझ्या डोळ्यांशी कशाला खेळलीस?”

मी रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, “आता हे तेल? सांडायचं तर नाही.” मी म्हटलं, झाडाला घालू. ती म्हणाली, “नवस झाडाचा नाही. ये इकडे.” आणि करंगळी बुडवून माझ्या पापण्यांना लावली. उजवीवर “राफेल”, डावीवर “राफेल”. तेल माझ्या डोळ्यांवर आणि नाव तुझं! तुझं नशीबच थोर.

डॉ. टिपणीसांना सोमवारी सगळं सांगितलं. ते चिडतील वाटलं होतं. वही चाळली, शुक्रवार-सोमवार पाहिले आणि म्हणाले, “बाई, मी डॉक्टर असून हे मला दिसायला हवं होतं.” सहा आठवडे उरलेत. सहा आठवड्यांत होईल का विचारलं तर म्हणाले, “एकही शनिवार चुकला नाही तर.”

इथं सीमेवर लढाई सुरू झाली आहे. शाळेत मुली जवानांसाठी लोकरीचे मोजे विणायचे म्हणताहेत. कागदांचं काय होतं कोण जाणे.

तुला जे लिहायचं ते लिही. या वेळी मी सगळं वाचून दाखवेन.

एलिशेबा

१२ डिसेंबर १९६२

चि. राफेल यास,

तुझं पत्र आलं. चारच ओळी होत्या आणि त्यातली दुसरी आई मला पुन्हा पुन्हा वाचायला लावते: ‘ती दारापर्यंत आली होती हे मला माहीत नव्हतं.’ माझ्याविषयी तू काही लिहिलं नाहीस. त्याबद्दल आभार मानायचे की भांडायचं, हे अजून ठरलं नाही.

आई पास झाली.

पुढचे सहा शनिवारही ते तेल माझ्या पापण्यांवर गेलं. तिचे डोळे पहिल्या सोमवारी तसेच होते, दुसऱ्या सोमवारी कोंडा कमी झाला, चौथ्याला डॉक्टरांनी केस काढले तर चारांत मिळून एक किडा. त्यांनी मायक्रोस्कोपवर पुन्हा शीळ घातली. आईनं या खेपेला स्वतः वाकून तो बघितला. “हा एवढासा?” म्हणाली. “यानं मला वर्षभर इथं धरून ठेवली?” मी खाली बघितलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मुंबईला तपासणीचे डॉक्टर तेच. त्यांनी टिपणीसांचं दोन पानी पत्र वाचलं, पापण्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या, दिवा जवळ आणला, लांब नेला. मग विचारलं, “आजी, इतका फरक कशानं पडला?” आई म्हणाली, “साबणानं. आणि पोरीनं खरं सांगितलं म्हणून.” ते हसले आणि शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मलिदा झाला. सफरचंद मी खाल्लं, कबूल केल्याप्रमाणे.

कागदांची मुदत वाढवून मिळाली, विमान सतरा जानेवारीचं. सोबत साबण, काड्या, कापूस आणि मलमाच्या तीन नळ्या देते आहे. किडे पुरते जात नाहीत, पुन्हा वाढू शकतात, असं टिपणीस म्हणाले. म्हणजे रोज एकदा पापण्या धुवायला हव्यात आणि तिचा हात आता थरथरतो. तेव्हा ते तुला करायचंय. तुझ्या बायकोला, साराला नव्हे, तुला. खिडकीशी बसव. हनुवटी डाव्या हातानं धर. तिला ‘वर बघ’ म्हटलेलं आवडत नाही, ‘माळ्यावर काय आहे बघ’ म्हण. आणि शुक्रवारच्या दिव्याचं तेल तिच्या हाती लागू देऊ नकोस. तू समोर असलास म्हणजे ती मागणार नाही म्हणा.

एलिशेबा

२० जानेवारी १९६३

चि. राफेल यास आणि सौ. सारा व छकुलीला आशीर्वाद,

आई पोचल्याची तार काल सकाळी आली. शब्बाथ होता. मी उघडली. आईला सांगू नकोस.

गुरुवारी सांताक्रूझला तिला सोडायला आळीतून नऊ जण आलो होतो. रंभासुद्धा आली होती, सुक्या मांदेलीचं पुडकं घेऊन. “तिथं मासली गावंल का नाय, कोन जाने,” म्हणाली. आई सगळ्यांशी बोलत होती आणि माझ्याशी तेवढी नाही. शेवटी दारातून आत जाताना वळली आणि म्हणाली, “अभ्रे आता आठवड्यातून एकदा उकळलेस तरी चालेल.” एवढंच.

पण त्याच्या आधीच्या शनिवारचं सांगते. तारे दिसले, पेला खाली घेतला, मी सवयीनं डोळे मिटून समोर बसले. तिनं उजव्या पापणीवर करंगळी फिरवली आणि म्हणाली, “एलिशेबा.” मग डावीवर, “एलिशेबा.” मी डोळे उघडले. म्हटलं, “आई, चुकलीस. राफेल म्हणायचं.” ती म्हणाली, “चुकले नाही. राफेल आता दिसणार आहे. लांब तू जाणार आहेस.”

छत्तीस वर्षांत मी तिच्या तोंडून माझं नाव असं ऐकलं नव्हतं. आणि तू आणखी आठ दिवसांनी तिला समोर बसवून ‘माळ्यावर बघ’ म्हणणार होतास. मला तुझा राग आला, राफेल, पुन्हा नव्यानं आला, आणि त्याच्या खाली जुनी अढी काही सापडली नाही, राग संपला की तळ लागला. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं.

परवा शुक्रवारी एकटीनं दिवा लावला. लावावा की नाही याचा विचार करत होते, पण हात आपोआप पेल्याकडे गेला. काल संध्याकाळी बोटभर तेल उरलं. मोरीत ओतायचं नाही. झाडाचा नवस नाही. मी करंगळी बुडवली आणि उजव्या पापणीवर आईचं नाव घेतलं. डावीला कुणाचं घ्यावं, थोडा वेळ बसून राहिले, आणि तुझं घेतलं.

आज सकाळपासून दोन्ही डोळ्यांना खाज सुटली आहे. डावा जास्त. डॉ. टिपणीसांकडे उद्या जाईन. ते एक केस उपटतील, पाहुणे मोजतील आणि म्हणतील, बाई, तुम्हाला मी तीनदा बजावलं होतं. त्यांना काय सांगायचं ते बघते.

आईच्या पापण्या धुतोस ना? कसे आहेत डोळे, ते वार घालून लिहीत जा. वही मी पुढं चालू ठेवते आहे.

आणि कधीतरी तुम्ही सगळे इकडे या. येशील तेव्हा आणि परत निघशील तेव्हासुद्धा, रविवारची गाडी बघ. शुक्रवारी दिवा लागल्यावर मला स्टँडवर येता येत नाही.

तुझी बहीण,
एलिशेबा